नऊ महिन्यांचा नातू आणि एक व्हिडिओ

आज पारोळ्याजवळच्या एका वस्तीवर लसीकरण होतं. यादीत अकरा बाळं, दुपारपर्यंत आली चार. "बाया वेचणीले गयात," असं सांगितलं. पण कापसाच्या आड खरं कारण होतं मोबाइलवरचा एक व्हिडिओ. गोवर-रुबेलाच्या सुईने पोरं मोठेपणी वांझ होतात म्हणे! २०१८ च्या मोहिमेतही हीच अफवा होती. तीच परत फिरतेय.

एका आजींनी नऊ महिन्यांचा नातू पदराखाली झाकूनच घेतला. "मना नातूले काही व्हयनं ते?" त्यांचा राग नव्हता, भीती होती. मी ओट्यावर बसले. ताप येऊ शकतो, तो उतरतो, हे लपवलं नाही. गोवर झालेल्या माणसाजवळ लस न घेतलेले दहा जण असले तर नऊ जणांना तो होऊ शकतो, तेही सांगितलं. मग त्याच म्हणाल्या, लहानपणी त्यांची धाकटी बहीण गोवरानेच गेली. बोलताना डोळे भरले.

नातवाला लस मिळाली. सहा घरं राहिलीत. तो व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनो, हात जोडते, थांबवा. उद्या सकाळी वेचणीच्या आधी परत जातेय.