टक् आणि खट् : आमची वाटचाल

धंदा सुरू केला तेव्हा आमच्या पाटीवर ज्यूकबॉक्स हा शब्दच नव्हता, म्हणजे ते नाणं टाकून आवडीची रेकॉर्ड वाजवायचं मशीन. मी आणि माझा पार्टनर, दोघं मिळून अ‍ॅम्प्लिफायर, टेप डेक, व्हॉल्व्हचे जुने रेडिओ असलं काय काय दुरुस्त करायचो, एक टेबल, दोन सोल्डरिंग आयर्न आणि काटा अधूनमधून अडकणारा एक मल्टीमीटर, एवढंच भांडवल. एक दिवस एक गिऱ्हाईक आलं, म्हणे आवाज येत नाही, बाकी काही नाही, बघाल का. आम्ही हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतून जो ज्यूकबॉक्स उतरला तो चार जणांना उचलेना.

आवाज दोन दिवसांत आला, त्यात काही विशेष नव्हतं, अ‍ॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर वाळले होते ते बदलले. पण गाणं लागेना! आत रेकॉर्ड उभ्या रांगेत लावलेल्या आणि त्यांच्या समोरून कॅरेज, म्हणजे रेकॉर्ड उचलून वाजवणारी छोटी गाडी, रुळावरून जायची, टोकाला पोचायची, उलटी फिरायची, परत यायची, बटण कुठलंही दाबा, थांबायचं नाव नाही. मी पहिले चार दिवस त्या मशीनचा मेन बोर्ड शोधत होतो. खरंच. कुठेतरी एखादा बोर्ड असेल, तो सगळं ठरवत असेल, असंच डोक्यात बसलेलं. बोर्ड नव्हताच. आयसी नाही, ट्रान्झिस्टर नाही, नुसत्या कॉइल, पत्त्या, स्प्रिंगा, दातेरी चाकं आणि कापडाचं वेष्टण असलेल्या वायरींचा जाडजूड जुडगा.

मग आम्ही वायरिंगचं ड्रॉइंग मोठं करून भिंतीवर चिकटवलं आणि रोज संध्याकाळी रंगीत पेन्सिली घेऊन बसायचो. हळूहळू उजेड पडत गेला. रिलेच्या कॉइलमधून करंट गेला की पत्ती ओढली जाते आणि कॉन्टॅक्ट मिटतो, एवढंच तर असतं, पण दोन कॉन्टॅक्ट एकामागे एक जोडले की दोन्ही मिटल्याशिवाय करंट पुढे जात नाही, म्हणजे झालं ‘हे आणि ते’. शेजारी शेजारी जोडले की ‘हे किंवा ते’. एरवी मिटलेली आणि कॉइल ओढली की उघडणारी पत्ती म्हणजे ‘नाही’. आणि रिलेने स्वतःच्याच एका कॉन्टॅक्टमधून स्वतःच्या कॉइलला करंट दिला की बटण सोडलं तरी तो धरून बसतो, म्हणजे त्याला लक्षात राहिलं! क्लॉड शॅनन नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९३७ साली एमआयटी या तिथल्या विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात हेच गणितात मांडलं, रिलेची जोडणी म्हणजे तर्कशास्त्राची समीकरणंच. टेलिफोन एक्स्चेंजवाले मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हाताने हेच करत होते. एक्स्चेंजमधल्या स्टेपर स्विचचं, म्हणजे दर पल्सला एक घर पुढे सरकणाऱ्या स्विचचं, पेटंट १८९१ चं आहे आणि ते घेणारा अल्मन स्ट्राउजर अंत्यविधीच्या धंद्यातला होता. हे ऐकून पार्टनर म्हणाला, मग आपण ज्यूकबॉक्स करायला काय हरकत आहे.

आता नाण्यापासून सांगतो, कारण नवीन पोरांना आम्ही तिथूनच शिकवतो. नाणं आत पडलं की आधी त्याची परीक्षा होते. एक छोटा पाळणा असतो, नाणं योग्य वजनाचं आणि मापाचं असेल तरच तो कलतो. पुढे लोहचुंबक, लोखंडी चकती असेल तर ती तिथेच चिकटते. खरं नाणं चुंबकाजवळून जाताना त्याच्यातच भोवऱ्यासारखे करंट तयार होतात आणि ते जरासं मंदावतं, किती मंदावतं ते धातूवर अवलंबून, त्यामुळे खोट्या धातूचं नाणं कमी किंवा जास्त वेगाने बाहेर पडतं आणि चुकीच्या वाटेने जाऊन परत पदरात. यात वीज कुठेच लागत नाही! मला तर पूर्ण मशीनमधला हाच भाग सगळ्यात हुशार वाटतो, पार्टनरला पटत नाही.

नाणं पास झालं की एक बारीक तार हलते, स्विच मिटतो आणि क्रेडिटची कॉइल दातेरी चाक एक घर पुढे ढकलते. मागे येऊ नये म्हणून खटका असतोच. गाणं निवडलं की दुसरी कॉइल तेच चाक एक घर मागे सोडते. शिल्लक किती हे चाकाच्या जागेवरून कळतं आणि शिल्लक शून्य असेल तर बटणं धरून ठेवणाऱ्या कॉइलला करंटच मिळत नाही, तुम्ही कितीही जोरात दाबा, बटण वर येणार.

बटणांमध्येही गंमत आहे. सीबर्ग कंपनीच्या १०० गाण्यांच्या मशीनवर ए पासून के पर्यंत अक्षरं पण मधलं आय गाळलेलं, कारण ते १ सारखं दिसतं. दहा अक्षरं, दहा आकडे, शंभर जोड्या. शंभर गाण्यांना शंभर वायरी ओढायच्या ऐवजी दहा आडव्या दहा उभ्या, जिथे छेद तिथे गाणं. पुढे २०० गाणी आली तेव्हा अक्षरं व्ही पर्यंत गेली आणि शून्यासारखं दिसणारं ओ पण गाळलं.

जोडी जुळली की त्या गाण्याचा खटका उचलला जातो आणि तसाच राहतो. कॅरेज रांगेवरून जाताना त्या खटक्याला तिचा कॉन्टॅक्ट लागला की ट्रिप कॉइल एक लिव्हर सोडते, लिव्हर खाचेत पडतो, कॅरेज बरोबर त्याच रेकॉर्डसमोर थांबते. मग तीच मोटर क्लचमधून कॅम फिरवते, रेकॉर्ड वर येते, चिमट्यात उभीच धरली जाते, टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, टेकतो. दोन्ही बाजू वाजतात, एका बाजूची गाणी कॅरेज एका दिशेने जाताना आणि दुसऱ्या बाजूची परत येताना. सीबर्गच्या १९४८ च्या एम१००ए पासून ही पद्धत, त्यात ७८ स्पीडच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, ५० रेकॉर्ड. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये ४५ स्पीडची छोटी रेकॉर्ड आणली आणि १९५० च्या एम१००बी मध्ये ती बसवली गेली.

यामुळे दोन गोष्टी होतात ज्यांच्यावरून आमच्याकडे अजूनही फोन येतात. एक म्हणजे गाणी निवडलेल्या क्रमाने वाजत नाहीत, कॅरेजच्या वाटेत जे आधी लागेल ते आधी. दुसरं म्हणजे दोघांनी एकच गाणं निवडलं तर ते एकदाच वाजतं, खटका आधीच वर आहे, तो अजून किती वर जाणार. क्रेडिट मात्र दोघांचं कापलं जातं. हा बिघाड नाही हो, मशीन असंच आहे.

बरं, ते पहिलं मशीन. आम्ही दोन रिले बदलले, ट्रिप कॉइल काढून मोजली, सगळ्या जोडांची कंटिन्युटी तपासली, सहा आठवडे गेले. या काळात मी माझ्या धंद्यातली सगळ्यात महागडी चूक पण करून घेतली, एक कॉइल चालते का बघायला जंपर लावला आणि चहा घ्यायला गेलो. ती कॉइल अर्धा सेकंद झटका देण्यासाठी बनवलेली, सतत करंट सहन करणारी नव्हेच. परत आलो तर धूर. मग ती उलगडून वेढे मोजत मोजत परत गुंडाळली, मध्ये कुणी हाक मारली की आकडा विसरायचो आणि पहिल्यापासून!

शेवटी उलगडा केला तो माझ्या भाच्याने, सुट्टीत नुसता बसायला यायचा. म्हणाला, मामा, कॅरेज त्या रेकॉर्डपाशी आली की टक् ऐकू येतं, पण पुढे खट् येत नाही. बरोबर होतं त्याचं. टक् म्हणजे कॉइल ओढली गेली, खट् म्हणजे लिव्हर खाचेत पडला. विजेने तिचं काम केलं होतं, लिव्हरच्या खिळीत मात्र जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं आणि वरून आधीच्या कुण्या मेकॅनिकने तेलाचा फवारा मारून त्यावर धूळ बसवलेली. साफ केलं, थेंबभर तेल दिलं, खट्! भाचा आता आमच्याकडेच असतो आणि मेकॅनिझमचं सगळं काम तोच बघतो.

तेव्हापासून आमचा नियम झाला की मीटर नंतर, आधी कान. मशीन चालू करायचं आणि आवाज क्रमाने कागदावर लिहायचे, कुठल्या आवाजानंतर पुढचा आला नाही ते सापडलं की निम्मं काम झालं, कारण या मशीनमध्ये प्रत्येक पायरी मागच्या पायरीचा कॉन्टॅक्ट मिटल्याशिवाय सुरूच होत नाही. दुसरा नियम, कॉन्टॅक्टला सँडपेपर लावायचा नाही. मी लावलाय, म्हणून सांगतो. चांदीचा थर निघून जातो, महिनाभर छान चालतं आणि मग कायमचा त्रास. जाडसर कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून मिटलेल्या कॉन्टॅक्टमधून ओढायची, बास.

मशीनं वाढत गेली तसं पसारा वाढला. आता आम्ही चौघं आहोत. वुर्लिट्झर कंपनीचं १९४६ चं १०१५ मॉडेल पण करून झालं, पॉल फुलरच्या डिझाइनचं, बुडबुड्यांच्या नळ्यांचं, त्यात ट्रे बाहेर येतो आणि टर्नटेबल खालून उठून रेकॉर्ड उचलतं, २४ गाणी, एकच बाजू. लोकांना दिसायला तेच आवडतं. रॉक-ओला कंपनीचं मशीन आलं की प्रत्येक जण म्हणतो रॉक अँड रोलवरून नाव दिसतंय, तर नाही, डेव्हिड रॉकोला नावाचा माणूसच होता आणि कंपनी १९२७ ची.

मधली दोनेक वर्षं धंद्याला कठीण गेली त्याबद्दल फार सांगत नाही. लोक यायचे आणि म्हणायचे, आतलं सगळं काढून ब्लूटूथ टाका. पैसे त्यात बरे होते. आम्ही एकच केलं आणि पश्चात्ताप आजही होतो, कारण वायरींचा जुडगा एकदा कापला की तो परत कुणाला बांधता येत नाही. आता अ‍ॅम्प्लिफायरला एक जास्तीचा इनपुट देऊ, बाहेरून काहीही जोडा, पण जुडगा कापणार नाही असं आधीच सांगतो. वॉलबॉक्सचं मात्र चालतं. टेबलावरूनच गाणं निवडायचा, जवळच्या भिंतीवरचा तो छोटा डबा आतली एक पट्टी कॉन्टॅक्टवरून फिरवून पल्सचे दोन गट पाठवतो, मध्ये थोडी उसंत, आणि मशीनमधला स्टेपर ते मोजतो. ते पल्स मायक्रोकंट्रोलरने मोजायचे असतील तर डब्याला धक्का लागत नाही, मग आमचीही हरकत नाही.

एक काम मात्र अजून मनातून जात नाही. २०० गाण्यांचं मशीन होतं, सीबर्गचं व्ही-२००, १९५५ चं, एका गृहस्थांच्या घरी किती वर्षं बंद पडून होतं त्यांनाच आठवत नव्हतं, वडिलांचं होतं. पॉवर सप्लाय झाला, अ‍ॅम्प्लिफायर झाला, मेकॅनिझम धुऊन परत बसवलं आणि सर्व्हिसच्या स्विचने कॅरेज नुसती रांगेवरून फिरवून बघत होतो. बटण कुणी दाबलं नव्हतं. कॅरेज थांबली, रेकॉर्ड उचलली, वाजवली. मग अजून एक. अशी पाच गाणी वाजली आणि त्यानंतर काही नाही, कितीही फिरवा. आम्ही वैतागलो, अधूनमधून येणारा फॉल्ट म्हणजे डोक्याला ताप, कुठून तरी खोटे पल्स येतायत म्हणून दीड दिवस थायरट्रॉनच्या, म्हणजे बारीक पल्सने चालू होणाऱ्या गॅसभरल्या व्हॉल्व्हच्या, सर्किटमध्ये घालवला.

फॉल्ट नव्हताच. या मशीनमध्ये गाण्यांचे खटके नाहीत, प्रत्येक गाण्याला फेराइटची, म्हणजे चुंबकत्व धरून ठेवणाऱ्या पदार्थाची, एक इवलीशी रिंग आहे, टॉरमॅट म्हणतात. गाणं निवडलं की त्या रिंगला करंटचा एक झटका बसतो आणि तिचं चुंबकत्व उलटं होतं. कॅरेज समोर आली की दुसरा झटका, रिंग उलटी असेल तर ती परत सुलटी होते आणि त्या पलटण्यातून निघालेला बारीकसा पल्स थायरट्रॉन पेटवतो, तो ट्रिप कॉइल ओढतो. वाचलं की पुसलं, वेगळं पुसायला काही नको. एमआयटीच्या व्हर्लविंड कॉम्प्युटरमध्ये अशाच रिंगांची मेमरी १९५३ मध्ये बसली होती, त्यानंतर दोनच वर्षांनी ती गाणी लावायला आली. आणि या रिंगांना वीज लागत नाही लक्षात ठेवायला. प्लग काढा, किती का वर्षं जाईनात, चुंबकत्व तसंच.

ते गृहस्थ न्यायला आले तेव्हा मी हौसेने सांगितलं की तुमच्या मशीनने पाच गाणी आपणहून वाजवली, शेवटचं कुणीतरी निवडलेली असणार. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, कुठली?

आम्ही लिहून ठेवली नव्हती. मला एकाचंही नाव सांगता येईना, पार्टनरला एका गाण्यातला सॅक्सोफोन आठवत होता तेवढाच.

आता टॉरमॅटचं मशीन आलं की पहिल्यांदा कॅरेज फिरवताना भाचा वही घेऊन समोर बसतो. जी रेकॉर्ड उचलली जाईल तिचं अक्षर, आकडा आणि गाण्याचं नाव लिहितो आणि तो कागद बिलाला टाचून देतो. बऱ्याचदा कागद कोराच जातो.