दुय्यम रेड डॉटचा झिरो किती यार्डांवर ठेवावा: माझा अनुभव

टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळच्या एका क्लबात मी महिन्यातून एकदा थ्री-गन सामने खेळतो. पिस्तूल, शॉटगन आणि रायफल ही तिन्ही शस्त्रे एकाच फेरीत, घड्याळाच्या काट्यावर वापरावी लागतात. त्यात रायफलची लक्ष्ये कधी ५ यार्डांवरची पुठ्ठ्याची असतात, तर कधी ३०० यार्डांवरची पोलादी. माझ्या एआर-१५ रायफलवर १ ते ८ पट मोठे दाखवणारा स्कोप आहे आणि तो १०० यार्डांवर झिरो केलेला आहे, म्हणजे त्या अंतरावर जिथे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा जुळवलेला आहे. फेरी चालू असताना दूरच्या लक्ष्यावरून जवळच्या लक्ष्याकडे वळायचे, तर स्कोपची कडी ८ वरून १ वर फिरवण्यात वेळ जातो. म्हणून स्कोपच्या उजव्या अंगाला, ४५ अंशांत कललेली एक छोटी रेड डॉट साइट (काचेत नेमासाठी लाल ठिपका दाखवणारे उपकरण) मी बसवून घेतली. रायफल खांद्यावरून न काढता डावीकडे कलवली की ती थेट डोळ्यासमोर येते. आमच्या सामन्यांच्या नियमांनुसार स्कोप आणि रेड डॉट अशी दोन ऑप्टिक (नेमाची काचेची उपकरणे) असलेली रायफल ओपन विभागात जाते आणि त्या विभागात माझ्याहून पुष्कळ सरस नेमबाज आहेत, पण तो तोटा मी समजून उमजून पत्करला.

साइट बसवणे अर्ध्या तासाचे काम होते. ती कोणत्या अंतरावर झिरो करावी, हे ठरवण्यात मात्र माझे दोन महिने गेले.

पहिला निर्णय मी फारसा विचार न करता घेतला. ही साइट जवळच्या लक्ष्यांसाठी आहे, जवळची लक्ष्ये साधारण १० यार्डांवर असतात, तेव्हा १० यार्डांवर झिरो करावा, असे सरळ गणित मी मांडले. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट २२ रायफल आम्ही २५ यार्डांवर चालवत असू आणि जिथे मारायचे त्याच अंतरावर साइट जुळवलेली असावी, ही समजूत तेव्हापासून मनात रुजलेली होती. (तिथले उस्ताद ‘शिस्त लो’ म्हणत, तेव्हा आम्हा मुलांना ते वागण्याबद्दल बोलत आहेत असे वाटे. शिस्त म्हणजे नेम हा अर्थ जुन्या मराठीतही होता, हे मला फार उशिरा कळले.) १० यार्डांवर पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या आणि मी समाधानाने घरी आलो.

पुढच्याच सामन्यात हा झिरो उघडा पडला. एका फेरीत कागदी लक्ष्यांच्या शेवटी ५५ यार्डांवर ८ इंच व्यासाची गोल पोलादी प्लेट होती. रायफलच्या गोळीचे तुकडे उलटून अंगावर येऊ नयेत म्हणून पोलाद ५० यार्डांच्या अलीकडे ठेवत नाहीत, त्यामुळे रायफलची सर्वांत जवळची प्लेट बहुधा याच टप्प्यात असते. रायफल आधीच कललेली होती, तेव्हा त्याच साइटमधून मी ठिपका प्लेटच्या मधोमध ठेवला आणि गोळी झाडली. आवाज आला नाही. दुसरी, तिसरी, तरीही नाही. मागच्या मातीच्या बांधावर धूळ उडत होती, ती प्लेटच्या बरीच वर. शेवटी स्कोपवर येऊन एका गोळीत प्लेट वाजवली, पण तोपर्यंत त्या फेरीचा निकाल लागला होता.

घरी येऊन मी कागद आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसलो. साइटच्या काचेचा मध्य आणि नळीचा मध्य यांतले अंतर माझ्या रायफलवर २.२ इंच भरले. म्हणजे डोळ्याची रेषा आणि गोळीची वाट एकमेकींपासून २.२ इंचांवर सुरू होतात. गोळी ठिपक्याच्या खालून निघते, चढत चढत झिरोच्या अंतरावर डोळ्याच्या रेषेला भेटते आणि पुढे, गुरुत्वाकर्षण तिला पुरेसे खाली ओढेपर्यंत, त्या रेषेच्या वर जात राहते. झिरो जितका जवळचा, तितका हा चढ उभा. १० यार्डांत २.२ इंच चढणारी वाट ५५ यार्डांवर कुठे पोहोचेल, हे शाळेतल्या समरूप त्रिकोणांनीही सांगता आले असते. १६ इंची नळीतून सेकंदाला सुमारे ३००० फुटांच्या वेगाने निघणारी ५५ ग्रेन (सुमारे साडेतीन ग्रॅम) वजनाची गोळी धरून हिशेब केला, तर ती प्लेटच्या मध्यापासून ९ इंच वर जात होती. प्लेटची त्रिज्या ४ इंच. मी नेम अचूक धरला होता आणि नेमका त्यामुळेच तिन्ही गोळ्या वाया गेल्या.

क्लबातल्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी मला २५ यार्डांचा सल्ला दिला. त्यांचे म्हणणे असे की ही साइट १० ते ३५ यार्डांच्या पलीकडे वापरायचीच नाही आणि तेवढ्या पट्ट्यात २५ चा झिरो सर्वांत कमी चुकतो. आकडे त्यांच्या बाजूचे होते. २५ च्या झिरोने गोळी ५ यार्डांवर पावणेदोन इंच खाली, १० वर सव्वा इंच खाली, २५ वर बरोबर आणि ५० वर जवळजवळ २ इंच वर लागते. ५० च्या झिरोने ती ५ यार्डांवर १.९ इंच खाली, १० वर १.७ इंच खाली, २५ वर १ इंच खाली, ५० वर बरोबर आणि १०० वर जेमतेम १ इंच वर लागते. केवळ १० ते ३५ यार्डांचा विचार केला, तर त्यांचा सल्ला योग्यच ठरतो.

तरीही मी अखेर ५० निवडले. याचे कारण आकड्यांच्या आकारापेक्षा त्यांच्या दिशेत आहे. २५ च्या झिरोत जवळ वर धरायचे, मध्ये बरोबर धरायचे आणि लांब खाली धरायचे, असे तीन नियम घड्याळ चालू असताना लक्षात ठेवावे लागतात, आणि धावत्या फेरीत मला अंतराचा अंदाज नीट येत नाही, हे मी अनुभवाने ओळखून आहे. ५० च्या झिरोत ५० यार्डांच्या आत खाली धरण्याची वेळच येत नाही. शिवाय ५ पासून १५ यार्डांपर्यंत फरक दीड ते दोन इंचांचाच राहतो, त्यामुळे ‘अगदी जवळ असेल तर दोन इंच वर’ एवढा एकच नियम पुरतो. पोलादी प्लेट जिथे सुरू होते तिथेच झिरो येतो, हा त्यावरचा फायदा. स्कोप मध्येच बिघडला तर याच साइटने १०० यार्डांपर्यंत काम भागवता येईल, हाही विचार मनात होता, मात्र निर्णय त्यावर झाला नाही.

प्रत्यक्ष झिरो करताना वेगळीच अडचण आली. रायफल ४५ अंशांत कलवलेलीच ठेवायची, तर ती टेबलावर टेकवायची कशी? मॅगझिन उजवीकडे बाहेर येते आणि टेबलाला अडते, म्हणून मी १० गोळ्यांचे आखूड मॅगझिन लावले, पुढच्या हँडगार्डखाली वाळूची पिशवी घेतली आणि दस्त्याखाली दुमडलेला टॉवेल. रायफल डावीकडे कलल्यामुळे झाडलेल्या काडतुसाची रिकामी केस (पितळी कवच) बाहेर फेकणारी खिडकी आकाशाकडे वळते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. दुसऱ्याच गोळीची तापलेली केस माझ्या कॉलरमध्ये शिरली. त्यानंतर गळ्याला रुमाल बांधून बसलो.

रायफल सरळ उभी ठेवून, मान वाकडी करून नेम धरता आला असता, आणि २५ यार्डांपर्यंत त्याने फारसे बिघडलेही नसते, कारण तेवढ्या अंतरात गोळी गुरुत्वाकर्षणाने एक दशांश इंचाच्या आसपासच खाली येते. ५० यार्डांवर हीच घसरण अर्धा इंच होते आणि १०० वर २ इंच. झिरो सरळ रायफलवर आणि वापर कलत्या रायफलवर असे केले, तर या घसरणीचा काही भाग डाव्या-उजव्या चुकीत बदलतो. म्हणून मी लक्ष्याच्या पुठ्ठ्यावर जाड उभी रेघ आखली आणि साइटच्या चौकोनी खिडकीची कड तिच्याशी समांतर ठेवून प्रत्येक गोळी झाडली. अशा स्थितीत साइट स्वतः उभीच असते, त्यामुळे तिच्या स्क्रूवरचा ‘वर’चा बाण खरोखरच वरचा असतो. हे उमगण्याआधी मी रायफलच्या हिशेबाने स्क्रू फिरवून गोळ्यांचा एक पुंजका भलत्याच कोपऱ्यात नेला होता.

आधी २५ यार्डांवर पुंजका मध्यावर आणला आणि मग लक्ष्य ५० वर नेले. तिथे गोळ्या ठिपक्याच्या दोन इंच वर लागल्या, म्हणजे कागदावरचा हिशेब बरोबर होता. माझ्या साइटचा एक क्लिक म्हणजे एक एमओए (अंशाचा साठावा भाग), ५० यार्डांवर साधारण अर्धा इंच. चार क्लिक खाली घेतल्यावर पाच गोळ्यांचा पुंजका मध्याभोवती बसला, रुंदी दोन इंचांहून थोडी अधिक. माझा ठिपका ६ एमओएचा आहे आणि ५० यार्डांवर तो ३ इंच झाकतो, त्यामुळे याहून बारीक काही मागणे व्यर्थ होते. ठिपक्याची चमक कमी केली आणि लक्ष्य म्हणून ठिपक्यापेक्षा मोठे, ६ इंचांचे काळे वर्तुळ घेतले, तेव्हा कुठे मध्य नीट सापडू लागला. शेवटी ५, ७, १०, १५ आणि २५ यार्डांवर उभे राहून दोन-दोन गोळ्या झाडून पाहिल्या आणि स्क्रूंच्या डोक्यांवर बायकोच्या नेलपॉलिशने खुणेची रेघ ओढली, म्हणजे एखादा स्क्रू सैल झाला तर लगेच दिसावा.

त्यानंतरच्या सामन्यात ७ यार्डांवर एक लक्ष्य होते, ज्याचे धड पांढऱ्या नो-शूटने (ज्याला गोळी लागू द्यायची नसते अशा लक्ष्याने) झाकलेले होते आणि केवळ डोके उघडे होते. डोक्यातली पूर्ण गुणांची चौकट ४ इंच रुंद आणि २ इंच उंच असते. ठिपका मधोमध ठेवला असता, तर दोन्ही गोळ्या जवळजवळ दोन इंच खाली, नो-शूटच्या कडेपाशी गेल्या असत्या. मी ठिपका डोक्याच्या वरच्या कडेवर नेला. एक गोळी चौकटीत लागली आणि दुसरी तिच्या किंचित डावीकडे. आता दस्त्याच्या आतल्या बाजूला मी एक कागदी पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर तीनच ओळी आहेत: १५ च्या आत दोन इंच वर, २५ ला एक इंच वर, ५० ला मध्यावर.