छत्तीसची सेहेचाळीस

गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दुसऱ्या दिवशी आमच्या डेंटल कॉलेजची ओपीडी तुडुंब भरते. इंदूरात रंगपंचमीला दवाखान्यात कोण येणार? सगळे आपलं दुखणं एक दिवस दाबून धरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम उगवतात. इंटर्न मात्र निम्मेच उगवतात, तेही कानामागे हिरवा-गुलाबी रंग घेऊन.

त्या सकाळी रामबागेतल्या एक आजी आल्या होत्या. खालची डावी दाढ रात्री ठणकत होती, गारही सोसवत नव्हतं. केसपेपरवर 36 लिहिलं गेलं. बाहेरच्यांसाठी सांगते: आम्ही तोंडाचे चार भाग करतो. पहिला आकडा भागाचा, दुसरा दाताचा. 36 म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, 46 म्हणजे तिचीच उजवीकडची बहीण. चिठ्ठी घेऊन आजी एक्स-रे खोलीत गेल्या.

एक्स-रे आता फिल्मवर नाही, सेन्सरवर निघतो. तोंडात ठेवायची चपटी वडी, तिला वायर, आणि चित्र सरळ कॉम्प्युटरवर. तिथल्या मुलीने सेन्सर उलटा धरला असणार, कारण चित्र उलटं आलं, मुळं वर आणि दाढेचा माथा खाली. यात काही बिघडत नाही, फिरवायचं आणि झालं. पण फिरवायचं बटण वेगळं आणि पलटवायचं वेगळं. तिने पलटवायचं दाबलं. माथा वर आला, मुळं खाली गेली, चित्र सरळ दिसायला लागलं. फक्त आता ते आरशातलं चित्र होतं.

हा फरक मी चार वर्षं तोंडी समजावत आलेय आणि चार वर्षं मुलं माना डोलावत आलीत. बटर पेपरवर 'क' काढा आणि कागद उलटा धरा. आता टेबलावरच गोल फिरवून सरळ केलात तर 'क'च मिळेल. पण खालची कड उचलून कागद पालथा घातलात, तर उभा राहील तो 'क' डावरा.

दाढेचं तसंच. डाव्या गालासमोर उभं राहिलं की माणसाचं नाक आपल्या डाव्या हाताला येतं. म्हणून 36च्या एक्स-रेत पुढचे दात डावीकडे हवेत. पालथ्या चित्रात ते उजवीकडे गेले. म्हणजे 36 चक्क 46 दिसायला लागली.

ते सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर आहे, म्हणून आमच्या विभागात चित्रं व्हॉट्सॲपवर येतात. त्यावर ना पेशंटचं नाव, ना दाताचा नंबर. खुर्चीजवळच्या इंटर्नने ते पाहिलं आणि बरोबर वाचलं. मला रात्री झोपताना आठवतं ते हेच. तो हुशार मुलगा आहे. पुढचे दात उजवीकडे, म्हणजे दाढ उजवी, हे त्याने दोन सेकंदांत ओळखलं. पेशंट समोर बसला की डावं-उजवं गोंधळणं रोजचंच, तेव्हा चिठ्ठी लिहिणाराच चुकला असं त्याने ठरवलं. आजींच्या 46मध्येही जुनी चांदी भरलेली होती आणि तिची कडही किडलेली. त्याने 36 खोडून 46 केलं आणि ग्रुपवर विचारलं, "मॅम, 46 आरसीटी सुरू करू?" आरसीटी म्हणजे रूट कॅनाल.

मी थर्ड इयरचं लेक्चर घेत होते. टेबलाखाली फोन पाहिला, मुळाच्या टोकाला काळी सावली दिसली, होकाराचा अंगठा टाकला. गार लावून पाहिलंस का, एवढंही विचारलं नाही.

विभागात कॉम्प्युटर येणारी बाई म्हणून माझा बोलबाला आहे. प्रिंटर अडला की मी, प्रोजेक्टर रुसला की मी. बीडीएसच्या, म्हणजे दाताच्या डॉक्टरकीच्या, चार वर्षांत कॉम्प्युटरचा पेपर नाही आणि सगळे धरून चालतात की हल्लीच्या मुलांना तो उपजतच येतो. कसला येतो! अंगठ्याने रील कापतील, पण डाउनलोड केलेली फाइल गेली कुठे ते सापडत नाही. आमची एक एमडीएसची, म्हणजे बीडीएसच्या पुढचं शिकणारी, मुलगी प्रबंधाचे आकडे एक्सेलमध्ये भरते आणि बेरीज मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून खाली टाइप करते. शिक्षकांचं तर बोलायलाच नको. आमचे मोठे सर ईमेल तोंडी सांगतात, कुणीतरी टाइप करायचं. 2020मध्ये त्यांच्या ऑनलाइन लेक्चरला पहिले दोन आठवडे छताचा पंखाच दिसत होता.

तेच सर त्या दिवशी पेन ड्राइव्ह हातात घेऊन "अरे, हे कुणी उघडून देतं का?" करत विभागात आले. इंटर्नने उजवीकडे इंजेक्शन दिलं होतं. ओठ बधिर झाला होता, रबर डॅमची, म्हणजे दाताभोवती ताणायच्या रबराच्या पडद्याची, क्लॅम्प त्याच्या हातात होती. ट्रेला टेकवलेल्या फोनकडे सरांनी सहज पाहिलं आणि ते थांबले.

"कुठली दाढ ही?"

"46, सर."

"मग मागे हा तिरका मुकुट कुणाचा? अक्कलदाढ आहे ना ही?"

केसपेपर पाहिला. 48, म्हणजे उजवीकडची खालची अक्कलदाढ, तिच्यावर काट. सरांनी वाकून आजींना विचारलं. अर्ध्या ओठाने त्या म्हणाल्या, "उजवीकडची? ती तर धाकट्याच्या वेळेसच काढली. आणि मी सकाळपासून डावी म्हणून सांगतेय, पण हे डॉक्टर म्हणाले फोटोत उजवी आलीय."

फोटोत आलीय म्हटल्यावर त्या बिचाऱ्या गप्प बसल्या होत्या.

सरांनीच त्यांना सरळ सांगितलं, आमच्याकडून चूक झाली, तुमची चांगली बाजू बधिर केली. इंजेक्शन उतरायला दोन-तीन तास लागले. त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या, 36 उघडली, दुखणं थांबलं. 46ची कीड वेगळी भरून दिली.

मला राग आला तो सॉफ्टवेअरचा. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी, चित्रंही सारखीच. सर मात्र रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून मुदत संपलेल्या फिल्मचा डबा काढला. फिल्मच्या एका कोपऱ्यावर बारीक उठाव असतो. उठावाची बाजू मशीनकडे, आणि बघताना उठाव आपल्याकडे. डार्करूममध्ये चाळीस वर्षं ते बोटाने चाचपून डावं-उजवं सांगत आले. सेन्सरला तो उठाव नाही. त्यांनी एक पाकीट फाडलं, आतल्या काळ्या कागदामागचा शिशाचा पत्रा काढला, तांदळाएवढी चौपदरी घडी केली आणि सेन्सरच्या एका कोपऱ्यावर टेपने चिकटवली. वर प्लास्टिकची पिशवी.

आम्ही सुटी दाढ ठेवून एक्स-रे काढून पाहिला. कोपऱ्यात पांढरा ठिपका. आडव्या चित्रात ठिपका वर उजवीकडे किंवा खाली डावीकडे असेल तर चित्र खरं. बाकीच्या दोन कोपऱ्यांत गेला तर कुणीतरी पलटवलंय. सरांना हे एका झटक्यात कळलं, इंटर्नला बटर पेपर लागला. मग सर म्हणाले, "आता ते पलटवायचं बटण कुठंय ते मला दाखव." मी दाखवलं. त्यांनी वहीत त्याचं चित्र काढून घेतलं.

केसपेपरवर 36, त्यावर काट, 46, त्यावर काट, परत 36, शेजारी दोघांच्या सह्या. माझा अंगठा तिथे कुठेच नाही, म्हणून खाली चार ओळी लिहून मीही सही केली.

परवा सेन्सर हातात घेतला. पिशवी ओढून काढताना टेप सुटली असावी आणि कुणा भल्या माणसाने ठिपका परत चिकटवला होता. दुसऱ्याच कोपऱ्यात. सरांना अजून सांगितलेलं नाही.