राणी नसलेलं वारूळ

मी पाळलेल्या डायकॅमा मुंग्यांच्या टेस्ट ट्यूबमधला कापसाचा बोळा बुरसला, म्हणून परवा शेजारी नवी नळी ठेवली, लाल कागदानं झाकून, आणि रात्रभर बघत बसले. या मुंग्या घर बदलतात ते जोडीजोडीनं. एक पुढे, दुसरी तिला मिशांनी चाचपत मागे. स्पर्श तुटला की पुढची थांबते, वाट बघते. अळ्या-कोश मात्र जबड्यात धरून नेतात.

यांच्यात राणी नसतेच. प्रत्येक कामकरी मुंगी पाठीवर दोन इवले कोंब घेऊन कोशातून बाहेर येते. ते शाबूत राहिले तरच तिचं नराशी मीलन होऊ शकतं. पण वसाहतीतली वर्चस्व असलेली मुंगी नव्या मुंगीचे कोंब चावून तोडते. मी हे भिंगातून एकदाच पाहिलं. हात थरथरला.

म्हणून इतर मुंग्या पाळणाऱ्यांना दिला जाणारा 'आधी राणी मिळवा' हा सल्ला इथे लागूच नाही. मी ओलावा जपते. अळ्यांना कोश विणताना आधार लागतो, तेव्हा चिमूटभर बारीक माती टाकते. खायला मारलेले रातकिडे.

आज सकाळी नव्या नळीत 27 कोश मोजले. जुनीत एकही उरला नव्हता.