एफएनपीची ऑनलाइन पदवी आणि अकरा आठवडे अडलेला करार: माझा अनुभव

फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरची पदव्युत्तर पदवी मी ह्यूस्टनमध्ये नोकरी आणि घर सांभाळत ऑनलाइन पूर्ण केली आणि आज याच शहरातल्या एका दवाखान्यात मी स्वतः रुग्ण तपासते. या तीन वर्षांत सर्वांत जास्त कशाने छळले असे कोणी विचारले, तर मी औषधशास्त्राचे नाव घेणार नाही, रात्रपाळीचे घेणार नाही आणि अंतिम परीक्षेचेही घेणार नाही. मला छळले ते विद्यापीठ आणि दवाखाना यांच्यातल्या सहा पानांच्या एका कराराने, ज्याचा माझ्या अभ्यासाशी किंवा गुणांशी काडीइतकाही संबंध नव्हता. इथे नर्स म्हणून काम करणाऱ्या अनेक मराठी मैत्रिणी आता हाच अभ्यासक्रम घेण्याच्या विचारात आहेत, आणि प्रवेशाच्या वेळी त्यांच्यापैकी एकीनेही या कराराबद्दल विचारलेले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मिरजेहून आईने फोनवर विचारले होते, "म्हणजे तू आता डॉक्टर होणार का गं?" मी तिला सांगितले की नाही, मी नर्सच राहणार, पण रुग्णाला तपासून निदान करणार, चाचण्या सांगणार आणि औषधेही लिहून देणार, आणि तेही तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना. भारतातल्या आपल्या ओळखीच्या चौकटीत हे पद बसत नाही, त्यामुळे नातेवाइकांना ते समजावून सांगायला वेळ लागतो. अमेरिकेत मात्र त्याला जुना इतिहास आहे. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने १९६५ मध्ये पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला आणि तो मुलांच्या आरोग्यासाठीच होता. ज्या मुलांसाठी हे पद जन्माला आले, त्याच मुलांच्या रोटेशनसाठी, म्हणजे दवाखान्यात प्रत्यक्ष रुग्ण तपासायला शिकण्याच्या फेरीसाठी, मला सर्वांत जास्त वणवण करावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

जानेवारी २०२० मध्ये मी दुसऱ्या एका राज्यातल्या सरकारी विद्यापीठात प्रवेश घेतला. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग, टेक्सासचा आरएन (नोंदणीकृत नर्स) परवाना आणि मेड-सर्ज (औषधोपचार आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या) विभागातला सात वर्षांचा अनुभव एवढ्यावर प्रवेश विनासायास मिळाला. पुढच्या दीड वर्षात पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि शारीरिक तपासणी हे तीन मोठे विषय झाले. कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा देताना आधी लॅपटॉप उचलून खोलीच्या चारही भिंती आणि टेबलाखालची जागा दाखवावी लागते, त्याचीही सवय झाली. आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन रात्रपाळ्या आणि त्यात कोविडचा वॉर्ड असे दिवस होते, पण अभ्यास कधी मागे पडला नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

ऑनलाइन या शब्दाचा अर्थ मात्र इथपर्यंतच असतो. पुस्तकी भाग संपला की प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचे तास सुरू होतात, आणि ते तुमच्या गावात, खऱ्या दवाखान्यात, एखाद्या डॉक्टरच्या किंवा अनुभवी नर्स प्रॅक्टिशनरच्या हाताखालीच भरावे लागतात. देखरेख करणाऱ्या या व्यक्तीला प्रिसेप्टर म्हणतात. माझ्या अभ्यासक्रमाला प्रौढ, मुले आणि स्त्रिया अशा तीन रोटेशनचे प्रत्येकी २२५, म्हणजे एकूण ६७५ तास होते. पूर्वी किमान ५०० तास पुरत असत, पण २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी ती मर्यादा ७५० वर नेली आहे, त्यामुळे आता प्रवेश घेणारीने माझ्यापेक्षा जास्त तासांची तयारी ठेवावी.

प्रौढांचे रोटेशन माझ्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टरांच्या ओळखीने मिळाले. मुलांसाठी मी जुलै २०२१ मध्ये शोध सुरू केला. रात्रपाळी सकाळी सात वाजता सुटायची आणि दवाखाने साडेआठला उघडायचे, म्हणून मी रुग्णालयाच्या पार्किंगमध्येच गाडीत बसून राहायचे, मांडीवर वही ठेवायचे आणि यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावायचे. कोविडमुळे अनेकांनी विद्यार्थी घेणेच बंद केले होते. काहींनी सांगितले की आम्ही फक्त जवळच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी घेतो, तर काहींनी माहिती फॅक्स करायला सांगितली आणि पुढे काहीच कळवले नाही. वहीत चाळीस नावांवर काट मारून झाल्यावर एकेचाळिसाव्या दवाखान्यातल्या मॅनेजरबाईंनी मला थांबायला सांगितले, आणि दोन मिनिटांनी स्वतः डॉक्टरच फोनवर आल्या. त्या म्हणाल्या, "जानेवारीपासून ये, मंगळवार आणि गुरुवार." मी गाडीतच रडले. आपले काम झाले, असे मला त्या दिवशी मनापासून वाटले.

प्रिसेप्टरचा होकार मिळाला म्हणजे जागा मिळाली, असे अजिबात नसते. विद्यापीठ आणि दवाखाना यांच्यात लेखी करार झाल्याशिवाय तुमचा एकही तास धरला जात नाही. डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना असेल तर त्या स्वतः सही करून मोकळ्या होतात. पण मी जिथे जाणार होते तो दवाखाना वर्षभरापूर्वी एका मोठ्या रुग्णालय समूहाने विकत घेतला होता, त्यामुळे माझ्या डॉक्टरांच्या सहीला काही किंमत नव्हती. सही समूहाच्या विधी विभागाकडून यायला हवी होती, आणि ही गोष्ट ना मला माहीत होती, ना डॉक्टरांना.

मी २६ ऑक्टोबर २०२१ रोजी या जागेसाठी विद्यापीठाकडे अर्ज भरला. करार पूर्ण होण्याची मुदत होती शुक्रवार, ७ जानेवारी. दहा आठवडे हातात होते, म्हणून मी निर्धास्त होते. विद्यापीठाने आपला ठरलेला मसुदा पाठवला. समूहाने तो बाजूला ठेवून स्वतःचा मसुदा पाठवला. त्यानंतर दर सोमवारी मी विद्यापीठाच्या प्लेसमेंट कार्यालयाला ईमेल करायचे आणि दर सोमवारी एकच उत्तर यायचे, की करार तपासणीत आहे. समूहाला फोन केला तर ते म्हणत की चेंडू विद्यापीठाकडे आहे, आणि विद्यापीठाला विचारले तर ते म्हणत की तो समूहाकडे आहे. दरम्यान मी लसींचे दाखले, क्षयरोगाची चाचणी, पार्श्वभूमी तपासणी आणि व्यावसायिक विम्याचे प्रमाणपत्र असे सगळे कागद एका फोल्डरमध्ये लावून ठेवले होते, आणि त्यांच्याकडे पाहण्याचीही कोणाला गरज वाटत नव्हती. सात आठवडे असेच गेले. या सात आठवड्यांत मी अत्यंत सभ्यपणे वाट पाहिली, आणि माझी चूक झाली ती नेमकी तिथेच.

डिसेंबरच्या मध्यावर माझा धीर सुटला आणि मी प्रश्नच बदलला. "करार कुठवर आला?" असे विचारण्याऐवजी मी विचारले, "कोणते कलम अडले आहे?" दुसऱ्याच दिवशी नेमके उत्तर आले. दोन कलमे अडली होती. पहिले नुकसानभरपाईच्या हमीचे होते. विद्यार्थिनीमुळे काही नुकसान झाले तर ते विद्यापीठ भरून देईल, अशी हमी समूहाला हवी होती, आणि सरकारी विद्यापीठांना अशी सरसकट हमी देण्याची बहुधा कायद्यानेच मुभा नसते. दुसरे कलम असे होते की वाद झाल्यास टेक्सासचा कायदा लागू होईल, आणि दुसऱ्या राज्याचे सरकारी विद्यापीठ ते मान्य करू शकत नव्हते. दोन्ही बाजू आपापल्या नियमाने बरोबर होत्या. चूक एवढीच होती की सात आठवडे दोघांनीही एकमेकांना फोन न करता लाल शाईने दुरुस्त्या केलेला तोच मसुदा इकडून तिकडे पाठवला होता.

मी दोन्ही कार्यालयांतल्या संबंधित व्यक्तींना एकाच ईमेलमध्ये घेतले, माझ्या डॉक्टरांनाही त्यात घेतले, आणि वीस मिनिटांच्या फोनची विनंती केली. १६ डिसेंबरला तो फोन झाला. हमीच्या वाक्यात "कायद्याने परवानगी असेल त्या मर्यादेत" एवढे शब्द घालायचे आणि कोणत्या राज्याचा कायदा लागू होईल हे कलम पूर्णच काढून टाकायचे, असे ठरले. अशा करारांत दोन्ही तोडगे नेहमीचेच आहेत, हे मला तेव्हा कळले, आणि कळल्यावर संताप अधिकच वाढला. वीस मिनिटांचे काम होते आणि त्यासाठी सात आठवडे गेले होते.

एवढे होऊनही करार वेळेत आला नाही. समूहाच्या बाजूने सही करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती नाताळच्या सुट्टीवर गेली, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला सही करता येत नव्हती. ७ जानेवारीला संध्याकाळी पाच वाजता माझे नाव त्या सत्राच्या यादीतून काढण्यात आले. सही झालेला करार मंगळवारी, ११ जानेवारीला, सकाळी दहा वाजून काही मिनिटांनी माझ्या इनबॉक्समध्ये आला. मी विभागप्रमुखांना लिहिले, फोन केला, चार दिवसांची सवलत मागितली. नियम सर्वांना सारखा आहे, असे उत्तर मिळाले. तो विषय पुन्हा मे महिन्यात होता. माझी पदवी ऑगस्टवरून डिसेंबर २०२२ वर गेली, आणि पगारवाढीच्या भरवशावर घरात केलेले बेतही पुढे ढकलावे लागले. त्या आठवड्यात मी घरात कोणाशी धड बोलले नाही.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की प्रवेश घेण्यापूर्वीच विद्यापीठाला लेखी विचारा की माझ्या शहरातल्या कोणकोणत्या दवाखान्यांशी तुमचे करार आज चालू स्थितीत आहेत. यादी मिळाली तर शोध त्या यादीतूनच सुरू करा. प्रिसेप्टरने होकार दिला की त्याच फोनवर विचारा की दवाखाना कोणाच्या मालकीचा आहे आणि सही कोण करते. आणि करार पाठवून तीन आठवडे झाले की कोणते कलम अडले आहे हेच विचारा, सभ्यपणे विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. पैसे घेऊन प्रिसेप्टर मिळवून देणाऱ्या कंपन्याही आहेत आणि त्या काही हजार डॉलर घेतात. मी त्या वाटेला गेले नाही, आणि गेले असते तरी समूहाच्या विधी विभागासमोर त्यांचाही उपयोग झाला नसता.

मे महिन्यात मी त्या दवाखान्यात पाऊल ठेवले. पहिल्याच आठवड्यात दीड वर्षाचा एक मुलगा कान दुखतो म्हणून आला होता आणि आईच्या मांडीवर हमसून हमसून रडत होता. लहान मुलाचा कान खाली आणि मागे ओढायचा असतो, तसा ओढून मी ओटोस्कोपने, म्हणजे कान तपासायच्या उपकरणाने, पाहिले, पडदा लालबुंद दिसला, आणि मी अँटिबायोटिक सुचवले. डॉक्टरांनी स्वतः पाहिले, मग मला पुन्हा पाहायला सांगितले आणि विचारले, "फुगला आहे का?" तो फुगलेला नव्हता. त्यांनी समजावले की रडणाऱ्या मुलाचा पडदा रडण्यानेही लाल होतो, नुसत्या लालीवर जायचे नाही, पडदा बाहेर फुगला आहे का आणि हवेच्या दाबाने हलतो का हे पाहायचे. त्यांनी ओटोस्कोपला जोडलेला रबरी फुगा माझ्या हातात दिला. मी तो हलकेच दाबला आणि पडदा हलताना डोळ्यांनी पाहिला. त्या मुलाला अँटिबायोटिक द्यावे लागले नाही. ही गोष्ट कोणत्याही व्हिडिओवरून मला शिकता आली नसती, आणि यासाठीच त्या चार महिन्यांचा राग माझ्या मनातून जात नाही.

स्त्रियांचे रोटेशन ठरल्याप्रमाणे पार पडले. एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे भरलेले तास त्याच संध्याकाळी नोंदवा आणि प्रिसेप्टरची मान्यता दर आठवड्याला घ्या; माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या प्रिसेप्टर नोकरी सोडून गेल्या आणि तिचे मान्यता न घेतलेले तास पुन्हा भरावे लागले. दुसरे असे की तुम्ही ज्या राज्यात राहता तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवण्याची विद्यापीठाला परवानगी आहे का, हेही आधी पाहा. बहुतेक राज्ये याबाबतच्या आंतरराज्य करारात आहेत, पण कॅलिफोर्निया त्यात नाही, त्यामुळे तिथल्या मैत्रिणींनी हा प्रश्न अर्ज करण्यापूर्वीच विचारावा.

प्रमाणपत्राची परीक्षा मी फेब्रुवारी २०२३ मध्ये दिली. तीन तासांत १५० प्रश्न असतात, त्यांतल्या १५ प्रश्नांचे गुण धरले जात नाहीत, आणि ते कोणते हे कळत नाही. मी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले. त्यानंतर राज्याचा परवाना आणि तीन वर्षांसाठी ८८८ डॉलर शुल्क असलेला डीईए क्रमांक (नियंत्रित औषधे लिहून देण्यासाठी लागणारी केंद्रीय नोंदणी) हे दोन्ही घरबसल्या झाले. टेक्सासमध्ये औषधे लिहून देण्यासाठी नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरांशी लेखी करार करावा लागतो. तो माझ्यासमोर आला तेव्हा मी त्यातले प्रत्येक कलम वाचले, दोन ठिकाणी प्रश्न विचारले, आणि त्याच दुपारी सह्या झाल्या.

या वर्षी मी स्वतः प्रथमच प्रिसेप्टर होत आहे. माझ्याकडे येणारी विद्यार्थिनी दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात शिकते आणि तिचे सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. तिला होकार देण्यापूर्वी मी आमच्या सही करणाऱ्या अधिकाऱ्यांचे नाव आणि त्यांच्या सुट्टीच्या तारखा विचारून घेतल्या, आणि ती दोन कलमे पहिल्याच मसुद्यात दुरुस्त करून मार्चमध्ये पाठवायला लावली. दोन्ही बाजूंच्या सह्या झालेला करार मे महिन्यातच तिच्या हाती आला.