घोडबंदर रोडने घोडबंदरला, आणि पुढे वसई

रविवार, जानेवारी. रात्रीचे साडेदहा.

आज घोडबंदर रोडने चक्क घोडबंदरला गेलो. ठाण्यात राहणाऱ्याला यातली गंमत कळेल. या रस्त्याने माणसं मॉलला जातात, सँपल फ्लॅट बघायला जातात, गुजरातला जातात आणि बराच वेळ गायमुखच्या घाटात नुसती उभी असतात. रस्त्याला ज्या गावाचं नाव, त्या गावात वळताना मात्र कुणी दिसत नाही.

दादा-वहिनी नाशिकहून आलेत. ते आले की गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक करायचं आणि सगळ्यांनी पाय धरून घरी यायचं, असा आमच्याकडे शिरस्ता. या वेळी मी आधीच जाहीर केलं, की मुंबईच्या दिशेला तोंडच करायचं नाही. चेंदणी, घोडबंदर, भाईंदरहून बोटीने वसई, किल्ला, कोळीवाडा आणि रात्रीच्या जेवणाला घरी. बाहेरच खाऊ म्हणता म्हणता हिने थालीपिठं बांधून घेतलीच.

ठाणे स्टेशनजवळच्या चेंदणी कोळीवाड्यात सकाळी सातला पोचलो. दादाला रेल्वेचं वेड. 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, 14 डबे, 400 पाहुणे, हे तो झोपेतही सांगेल. मीठबंदर रोडने खाडीपर्यंत गेलो. तिवरं, चिखलात टेकलेल्या थोड्या होड्या, मागे लोकलचा खडखडाट. पहिली गाडी ठाण्याला आली तेव्हा हा कोळीवाडा होताच. आता तो कुठे आहे हे सांगायला स्टेशनची खूण द्यावी लागते. खाडीत मासळी पूर्वीसारखी राहिलेली नाही, त्यामुळे सकाळच्या वेळीही धक्क्यावर फारशी हालचाल नव्हती. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, इथे मासे कुठे विकतात?" मी म्हटलं, वसईला दाखवतो.

घोडबंदरचा किल्ला टेकडीवर आहे, चढायला फार वेळ लागत नाही. पोर्तुगीजांनी बांधला आणि 1737 साली मराठ्यांनी घेतला. त्याच साली ठाण्याचा किल्लाही घेतला. वरून खाडी छान दिसते, हायवेचा पूल दिसतो आणि पुलावरचे ट्रक अगदी बिनआवाजाचे दिसतात. अर्ध्या तासात खाली उतरलो. खरं सांगायचं तर किल्ल्यापेक्षा तिथे खाल्लेली थालीपिठं जास्त लक्षात राहतील.

भाईंदर ते वसई ही रो-रो बोट फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. गाडीसकट बोटीत चढायचं. रस्त्याने गेलं तर अडतीसेक किलोमीटरचा वळसा, पाण्यातून चारही नाहीत. माझ्या मते ठाणे परिसरात गेल्या काही वर्षांत झालेल्या कामांपैकी हे सगळ्यात शहाणपणाचं. वहिनी बोटीत बसायला घाबरत होत्या. कुरव पक्षी कठड्याशी आले, कुणीतरी शेव उडवली आणि वहिनींची भीती गेली. पक्ष्यांना शेव घालू नये हे माझं म्हणणं अर्थातच कुणी ऐकलं नाही.

वसईच्या जेट्टीवर उतरलं की किल्ला समोरच. तो असा बाजूला काढून ठेवलेला किल्ला नाही. डांबरी रस्ता त्याच्या मधून जातो, रिक्षा जातात, मासळीच्या टोपल्या घेतलेली माणसं जातात. ताडाच्या झाडांखाली लग्नाआधीच्या फोटोसाठी आलेली जोडपी गाऊन सावरत फिरत असतात. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं ती त्यांच्याकडेच राहिली. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. एका शिळेवर वर ढालीचं चिन्ह आणि खाली पोर्तुगीज अक्षरं. अक्षरांच्या खाचांत माती भरलेली, त्यामुळे ती उलट जास्त ठळक वाचता येतात. शेजारच्या शिळेवर कुत्रं झोपलेलं होतं. छप्पर नाही, वर थेट आकाश. जेझुइटांच्या चर्चपाशी वसईचे गोन्सालो गार्सिया आठवले. 1597 साली नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं. वसईचा माणूस त्या काळात जपानपर्यंत गेला होता, आणि आम्ही गायमुखला कंटाळतो.

दादाने चिमाजीअप्पांच्या पुतळ्यासमोर उभं राहून, त्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली ती मे 1739 ची अख्खी लढाई सांगितली. 'किल्ला मिळत नसेल तर माझं डोकं तोफेतून आत टाका' ही आख्यायिकाही हातवारे करून झाली. मग मी विचारलं, "वहिनी, नारोशंकराची घंटा कुठली?"

"कुठली म्हणजे? आमच्या पंचवटीतली."

वहिनींचं माहेर पंचवटीत, देवळापासून हाकेच्या अंतरावर. गोदावरीला पूर आला की घंटेला पाणी लागलं का, हे बघायला त्या लहानपणी गच्चीवर चढायच्या. मोठ्या आवाजात बोललं की आजी म्हणायची, काय गं ही नारोशंकराची घंटा! ती घंटा वसईच्या विजयानंतर इथल्या चर्चमधून गेली, तिच्यावर 1721 साल आहे, भीमाशंकरची घंटाही अशीच गेलेली, असं मी सांगितलं. वहिनी एकदम गप्प झाल्या. मग मान वर करून चर्चचा रिकामा मनोरा बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढी जड वस्तू घाट चढून नेली कशी हो?" लढाईच्या सगळ्या गोष्टीत दादाला न सुचलेला प्रश्न. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्याने विषय 1802 वर नेला. पुण्याजवळ होळकरांनी हरवल्यावर पळून आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 ला इंग्रजांशी तह केला तोही वसईतच. चिमाजीअप्पा त्याचे चुलत आजोबा. त्यांनी जिंकलेल्या गावात त्रेसष्ट वर्षांनी नातवाने सही केली.

किल्ल्याला लागूनच किल्लाबंदर. इथे वास आधी येतो, गाव नंतर. हिने पदर नाकाला लावला, मी डोळे वटारले, तिने काढला. काठ्यांच्या रांगा आणि त्यांवर बोंबील वाळत घातलेले. एक बाई ते काम करत होती, तिच्याजवळच थांबलो. पाटीतून दोन बोंबील उचलायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी आडव्या काठीवर टाकायची. दोरा नाही, खिळा नाही. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात, तेच आकडीचं काम करतात. ओला बोंबील हातात धरला तर लिबलिबीत लागतो, आतून पाणीच पाणी, आणि तीनचार दिवसांच्या उन्हात त्याची काडी होते. तिचा हात इतका चालत होता, की आमच्याशी बोलताना एकदाही खाली बघितलं नाही. डोल जाळ्यात येतो हा, म्हणाली. जाळं एका जागी खुंटाला बांधलेलं, भरती-ओहोटीचं पाणी त्यात मासळी आणतं. त्यामुळे सगळं पाण्याच्या वेळेवर. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला धंदा, आणि भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, सुस्ती. जून-जुलैची बंदी वेगळीच.

किल्ल्याला पाटी आहे, तहाला तारीख आहे, या काठ्यांना काहीच नाही. पोर्तुगीज यायच्या आधीही इथे कुणीतरी मासळी वाळवतच असणार.

वहिनींनी भाव करायला सुरुवात केली तशी बाई हसली. "ताई, ऊन फुकट हाय, पण वाळवायला माणूस लागतो." वहिनींनी मुकाट्याने अर्धा किलो बोंबील आणि जवळा घेतला. वाटेत सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, तीही घेतली. वसईची सुकेळी मुंबईच्या दुकानातही मिळते, पण इथली ओलसर असते आणि केळीच्या पानाचा वास तिला राहतो.

येताना पुन्हा बोटीने आलो. शेवटी ठाण्यात कारागृहाच्या भिंतीजवळून गाडी गेली. हाच ठाण्याचा किल्ला, मी म्हटलं. 1816 मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथल्या कैदेतूनच पळाला. आणि 19 एप्रिल 1910 ला अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना इथेच फाशी दिली.

"कान्हेरे? विजयानंद थिएटरवाले?" वहिनी मागच्या सीटवरून पुढे वाकल्या. कान्हेरेंनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सनला मारलं ते नाशिकच्या विजयानंदमध्ये, डिसेंबर 1909. वहिनींनी तिथे पुढे कितीतरी सिनेमे बघितलेत. नाशिकचं एवढं सगळं तुमच्याकडे का येऊन पडलंय, असं त्यांनी दादाला विचारलं, जणू त्यानेच आणून टाकलंय.

आता वहिनी पंचवटीत बहिणीला फोनवर घंटेचं सांगताहेत, आणि दादा बाजूला बसून साल दुरुस्त करतोय. बोंबील गॅलरीत, दोन पिशव्यांत गाठ मारून ठेवलेत. उद्याच्या बसमधून ते नाशिकला जाणार की हिच्या फोडणीत, याचा निकाल अजून लागलेला नाही.