हातोड्यातला 'ओडा' म्हणजे काय?

दोन शब्द जुळवून एक करायचा, हा जोडशब्दांचा खेळ फसला की बहुतेक वेळा दोष खेळाचा नसतो, शब्दांच्या यादीचा असतो. 'माजघर' समोर आलं की पहिलीतलं मूल अडतं. घर कळलं, पण माज? (माज म्हणजे काय हे आधीच ठाऊक असेल, तर पंचाईत आणखी मोठी.) म्हणून पहिल्या यादीत असेच शब्द घ्या ज्यांचे दोन्ही तुकडे मुलांच्या रोजच्या तोंडी आहेत आणि जुळताना रूप बदलत नाहीत: देवघर, हातरुमाल, वडापाव, दूधभात, बैलगाडी, पाणीपुरी, आईबाबा. पुण्यातल्या वर्गात शनिवारवाडा आणि सारसबागही चालतात. शनिवार पेठ मात्र पाट्यांवर तोडून लिहिलेली दिसते, ती नको.

शब्दपट्ट्या लगेच काढू नका. आधी चार-पाच दिवस, रोज दहा मिनिटं, नुसतं तोंडी. एक मूठ 'देव', दुसरी 'घर', मुठी जुळल्या की 'देवघर'. मग एक मूठ पाठीमागे: घर लपलं, काय उरलं? मुलांकडे तोंड करून उभं असताना पहिला शब्द बाईंच्या उजव्या मुठीत हवा, म्हणजे मुलांना तो डावीकडे दिसतो. उलट झालं तर पुढे पट्ट्या लावताना 'घरदेव' होतो.

पट्ट्यांसाठी अप्पा बळवंत चौकातून (पुण्यातला वह्या-पुस्तकांचा बाजार) 22 बाय 28 इंची दोन कार्डशीट आणा. एकातून 7 बाय 4 इंचाच्या 20 पट्ट्या निघतात, दोन्हींतून 20 शब्द होतात. सगळ्या पट्ट्यांवर वरून एक इंचावर फूटपट्टीने शिरोरेषा आखा आणि ती थेट कडेपर्यंत न्या. दोन पट्ट्या चिकटल्या की रेघ सलग होते, आणि जोडशब्द तोडून लिहायचा नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. रंग एकच ठेवा. पहिला तुकडा लाल, दुसरा निळा असं केलं की मुलं वाचायचं सोडून रंग जुळवतात. शिवाय 'घर' देवघरात शेवटी येतं, घरकामात आधी. मग त्याचा रंग कोणता?

चाळीस मुलांना चाळीस पट्ट्या एकदम वाटल्या तर नुसता गोंधळ होतो. एका वेळी सहा जोड्या, म्हणजे बारा मुलं पुढे. बाकीच्यांनी जुळलेला शब्द मोठ्याने वाचायचा. एका फेरीत हात, बैल आणि आग अशा तिघांना मिळून एकच 'गाडी' देऊ नका, ओढाताण होते.

खरी मजा फसव्या शब्दांत आहे. खेळ अंगवळणी पडला की मुलं सगळीकडे जोड शोधू लागतात: पायरी म्हणजे पाय आणि री, हातोडा म्हणजे हात आणि ओडा. चूक म्हणून लगेच खोडू नका. पट्टी धरलेल्या मुलाला एकटं उभं करा आणि 'तुझा अर्थ सांग' म्हणा. 'री'ला सांगता येत नाही, ती खाली बसते. 'भातुकली' या फेरीसाठी मुद्दाम राखून ठेवावी.

दुसरा प्रश्न: दोन्ही आहेत का? वडापावात वडाही आहे आणि पावही. बैलगाडी मात्र गाडीच, बैलाने ओढलेली. समासांची नावं या वयात नकोत, एवढं पुरतं.

रूप बदलणारे शब्द दुसरीत घ्या. पाणी आणि पोई मिळून पाणपोई, पोळी आणि पाट मिळून पोळपाट. इथे पट्टीची कड दुमडून वेलांटी लपवता येते; त्यासाठी तिचा बाक आखूड काढलेला हवा. 'फूल' दुमडून भागत नाही, कारण फुलदाणीत ऊकार ऱ्हस्व होतो. मुलं हमखास 'फूलदाणी' लिहितात. पण दूधभातातला ऊकार दीर्घच राहतो, म्हणून नियम सांगण्याच्या भरीस पडू नका. फुलदाणी, फुलपाखरू, फुलबाग ही एक वेगळी गड्डीच करा. तुळस बदलून झालेली पुण्यातली तुळशीबागही याच टप्प्यातली. 'पण तिथे बाग कुठेय?' हे कुणीतरी विचारणारच. पूर्वी होती, आता राममंदिर आणि बाजार आहे, असं सरळ सांगावं.

शेवटच्या दिवशी उरलेल्या पट्ट्या उलटसुलट जोडू द्या. 'पाणीरुमाल' निघाला तर तो कशासाठी वापरायचा ते जोडणाऱ्याने सांगायचं. सांगता आलं तर शब्द फळ्यावर.